बोडीतला उच्च अभ्यासक्रम

आमच्या साडूंइतका सावध माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात जन्माला आला नसेल, आणि सावधपणाचा इतका कमी उपयोग दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. एकतीस वर्षं त्यांनी लाल बस चालवली आणि तेवढ्या काळात त्यांच्या चाकाखाली एक कोंबडीसुद्धा आली नाही. कोंबड्यांनाही हे ठाऊक असावं, कारण एकोडीच्या रस्त्यावर त्या त्यांच्या बससमोर खुशाल पंख साफ करत बसत आणि सावकाश उठत. त्या बसमधून कुणी कुठं वेळेवर पोचल्याचं मात्र ऐकिवात नाही. माझ्या लग्नात मुलीकडच्या पाहुण्यांची गाडी त्यांच्या हाती होती. मंगलाष्टकं आटोपून आहेर सुरू झाले तेव्हा ते मांडवात शिरले आणि घड्याळाकडे न पाहता म्हणाले, "आलो ना सगळे साबूत?"

पुढच्या वाहनापासून अंतर ठेवावं हा नियम त्यांनी रस्त्यापुरता ठेवला नाही. लग्नाच्या बुफेत ताट घेऊन उभे राहिले की पुढच्या माणसामागे ते चार हात जागा सोडतात. त्या जागेत लगेच कुणीतरी शिरतं. मग ते त्याच्यामागे पुन्हा चार हात सोडतात. अशा रीतीनं रांगेत उभे असूनही ते मागे मागे जात राहतात, आणि गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी कुठल्याही लग्नातला गुलाबजाम पाहिलेला नाही. कुणी चिडवलं तर म्हणतात, "गुलाबजाम राहिला तं राहिला. भिडलो तर नाही ना कोणाले?"

कुठं अपघात झाला की साडू खिशात टेप घेऊन जातात आणि डांबरावरच्या ब्रेकच्या खुणा मोजतात. मी जन्मभर ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवलं, त्यामुळे मजकुराचा अर्थ लावण्याचा थोडा गर्व मला आहे; पण त्या काळ्या पट्ट्यांवरून ते जे वाचतात त्यापुढे माझं वाचन बाळबोध वाटतं. "हे पाहा मास्तर," ते उकिडवे बसून सांगतात, "ब्रेक इथं लागला. त्याच्या आधी पोट्टं मोबाइलमंदी पाहून राहिलं होतं." आणि मग बराच वेळ उठत नाहीत. कारण ते पोट्टं बहुतेक वेळा ओळखीतलं असतं. आमच्याकडे मुलगा सोळाचा झाला की बाप कौतुकानं किल्ली देतो, अठराव्या वर्षी लायसन काढतो, आणि मधल्या दोन वर्षांत देव आहेच अशी व्यवस्था आहे.

या व्यवस्थेत देवाला थोडी मदत करावी म्हणून साडूंनी निवृत्तीनंतर अभ्यासक्रम काढला. गावाबाहेर त्यांची बोडी आहे. बोडी म्हणजे धानाला पाणी पुरवणारं लहानसं तळं. उन्हाळ्यात ती आटते आणि तळाची माती टणक होते. तिथं एक जुनी गाडी आणि एक फलक उभा राहिला: 'तरुण चालकांसाठी वाहन नियंत्रण व सुरक्षा उच्च अभ्यासक्रम'. उद्घाटनाला एक पुढारी सहा गाड्यांचा ताफा घेऊन आले. त्यांतल्या एकाही माणसानं पट्टा लावलेला नव्हता. पुढाऱ्यांनी सुरक्षेवर पाऊण तास भाषण केलं, आणि निघताना त्यांच्या ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली ती थेट फलकावर. फलक आजही तिरपा आहे. साडू म्हणतात, जाहिरात म्हणून तो तसाच चांगला आहे.

पहिल्या वर्षी अकरा मुलं आली. इथं मोबाइलवर रील बनवण्याजोगे प्रकार शिकवतात असा त्यांचा समज होता. साडूंनी बोडीच्या अर्ध्या तळावर टँकरनं पाणी टाकून चिखल केला आणि गाडी घसरली तर स्टिअरिंग कुठं वळवायचं, ब्रेकवरचा पाय कधी काढायचा, हे मन लावून शिकवलं. मुलंही मन लावून शिकली. अकराच्या अकरा पास झाली. साडूंनी त्या रात्री, त्यांची बायको म्हणजे आमच्या ताई सांगतात, झोपेतही हसून पाहिलं.

दिवाळीनंतर धान निघालं. आमच्याकडे धान वाळवायला डांबरी रस्त्यासारखी जागा नाही. अर्धा रस्ता सोनेरी होतो, आणि कडेनं दगड मांडून ठेवतात. त्यावरून गाडी गेली तर बर्फावरून जावी तशी जाते. अकरांपैकी एक मुलगा मुद्दाम त्या धानावर गेला आणि एका किराणा दुकानाच्या भिंतीतून आत शिरला. गळ्याजवळचं हाड मोडलं. दुकानदार चहा प्यायला बाहेर गेला होता म्हणून वाचला. साडू दवाखान्यात गेले तेव्हा मीही सोबत होतो.

"काहून गेला बे धानावर?"

"तुम्हीच तं शिकवलं न काका, घसरली तर कशी सावराची," मुलगा बँडेजमधून प्रामाणिकपणे म्हणाला. "म्हणून घसरवून पाहिली."

परतताना मला घराशी उतरवून साडू म्हणाले, "मास्तर, मी औषध शिकवलं. पोट्टे आता दुखणं हुडकून राहिले." मला आयुष्यात शिक्षणपद्धतीवर जेवढे ग्रंथ वाचावे लागले, त्यांत याच्याइतकं नेमकं वाक्य सापडलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी चिखल बंद झाला आणि अभ्यासक्रमात एकच धडा उरला. साडूंनी तणसाचा, म्हणजे धानाच्या वाळल्या काड्यांचा, माणसाएवढा पुतळा बांधला. विद्यार्थ्यानं घरातल्या आपल्या माणसाचा एक जुना कपडा आणायचा. आईची साडी, आजोबांचा सदरा. तो पुतळ्याला घालायचा. मग चाळीसच्या वेगानं यायचं, साडूंनी लाल टॉवेल खाली टाकला की ब्रेक मारायचा, आणि आईच्या अलीकडे थांबायचं. कुणी थांबलंच तर साडू पुतळ्याला कमरेला धरून दोन पावलं पुढं आणत आणि म्हणत, "आता?" त्यामुळे पुढच्या सहा वर्षांत एकही विद्यार्थी पास झाला नाही. एक मुलगा आईला तीनदा उडवून घरी गेला आणि आठवडाभर सायकलनं फिरला; साडूंच्या लेखी तो सगळ्यात यशस्वी विद्यार्थी. पण पालक रागावले. लायसन दहा मिनिटांत मिळतं आणि या म्हाताऱ्याकडे पास होणं सहा वर्षांत नाही, मग कशाला यायचं? मुलं अकराची चार झाली, चाराची एक झाली.

ती एक माझी मुलगी, ऋतुजा. माझ्या एका डोळ्यानं दगा दिला आणि डॉक्टरांनी मला गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा घरात चालवणारी ती एकटीच उरली. लायसन तिच्याकडे होतं. पण तिच्या आईनं जाहीर केलं की भाऊजी पास म्हणत नाहीत तोवर किल्लीला हात लावायचा नाही. गाडी दोन महिने अंगणात ताडपत्रीखाली होती, आणि माझं डोळ्यांच्या दवाखान्यात जाणं, बायकोचं माहेर, ऋतुजाचं सगळंच, एका 'पास' या शब्दावर अडलं होतं.

मे महिन्यात आम्ही बोडीवर गेलो. तिनं कपडा आणला होता तो माझा, निवृत्तीच्या समारंभातला क्रीम रंगाचा शर्ट. बांधावर बसून मी स्वतःला तणसाच्या पोटानं उभं असलेलं पाहिलं आणि, खरं सांगतो, समारंभाच्या दिवशी मी याहून फारसा वेगळा दिसत नव्हतो. पहिल्यांदा पोरीनं मला छातीवर घेतलं. दुसऱ्यांदा बाजूनं. तिसऱ्यांदा माझा एक हात बॉनेटवर राहिला आणि तो तिनंच उतरून परत आणून दिला. तेव्हा तिचे डोळे भरले होते. चौथ्यांदा ती माझ्यापासून दोन हातांवर थांबली. साडू आले आणि त्यांनी मला उचलून पुढं ठेवलं.

"आता लागला."

"मावसाजी, ही चीटिंग आहे."

"रस्ता चीटिंगच करते, बाई. माणूस का सांगून येते?"

पाचव्यांदा तेच. सहाव्यांदा तेच. मग ऋतुजा गाडीतून उतरली, दार शांतपणे लावलं आणि म्हणाली, "तुम्ही थांबवून दाखवा. पुतळा कोणी हलवायचा नाही. मी थांबले तिथंच थांबा."

सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ताई नुकत्याच ताकाची बरणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी बरणी बांधावर ठेवली, खांद्यावरची जुनी ओढणी काढली आणि माझ्या शर्टावरून पुतळ्याला गुंडाळली. "घ्या," त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली, जेवण गिळून राहिले माह्या हातचं. एकदा उडवून पाहा."

सगळे हसलो. साडूही हसले. त्यांनी चष्मा पुसला, पट्टा लावला, आरसा नीट केला आणि गाडी पार बोडीच्या टोकाशी नेली. टॉवेल माझ्या हातात होता. गाडी खुणेवर आली आणि मी तो सोडला.

ब्रेक लागायला फार उशीर झाला नाही. एखाद्याला नावानं हाक मारायला लागेल तेवढाच. पण तेवढ्यात गाडी पुढं गेली, आणि पुतळा मधोमध मोडून काचेवर आडवा पडला. इंजिन बंद झालं. मग ताई जाऊन ओढणी सोडवू लागल्या. "चला," त्या तणस झटकत म्हणाल्या, "काही लागलं नाही मले."

साडूंनी खिशातून टेप काढला. आधी ऋतुजाची खूण मोजली, मग स्वतःची. पुन्हा मोजली. मग माझ्याकडे आले.

"मास्तर, टावेल उशिरा सोडला काय?"

मी जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आलो की खरं बोलावं. "हो भाऊ," मी म्हणालो, "हातातून लवकर सुटलाच नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. "तुमाले नाही जमत मास्तर खोटं बोलणं," ते म्हणाले आणि टेप गुंडाळून खिशात ठेवला.

किल्ली त्यांनी ऋतुजाच्या हातात दिली. तिनं हळूच विचारलं, "म्हणजे मी पास?"

"पास कोणीच नसते, बाई. पुतळा मी काहून हलवत होतो वाटते तुले?" मग आवाज उतरला. "घरी ने आमाले."

पुढच्या वर्षी ते बोडीत शिकवणार नाहीत आणि त्यांच्याऐवजी दुसरं कुणी येणार नाही, हे तिथं उभ्या प्रत्येकाला कळत होतं. फलकाला हात लावायला कुणी गेलं नाही. रस्त्याला लागलो तेवढ्यात तीन मुलं एका मोटारसायकलवर आम्हाला ओलांडून गेली, तिघंही आरडत, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. एरवी साडूंनी त्यांच्या बापांची नावं घेतली असती. आज त्यांनी फक्त आपला पट्टा चाचपला. ऋतुजा तिसावर होती. ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून जात होते आणि ती त्यांना जाऊ देत होती. मी आणि ताई मागं. साडू पुढं, डाव्या बाजूला, जिथं मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ते खिडकीकडे वळले.

"हे शाळा कवा झाली इथं?"

"बारा वर्षं झाली, मावसाजी."

"असं काय." पुढं थोड्या अंतरावर कमळाची पानं भरलेलं तळं लागलं, आणि काठावर दोन बाया कपडे धूत होत्या. एकतीस वर्षं रोज दोनदा ते या रस्त्यानं गेले होते. "अन् हे?"

"तळं नेहमीचंच आहे, मावसाजी."

"हळू घे जरासं," ते म्हणाले. तिनं गाडी आणखी हळू केली, आणि ते मान वळवून, तळं मागं पडेपर्यंत, पाहत राहिले.