तीन कोटेशनचा मदरबोर्ड

विषय : पडेगाव येथील आमच्या लेआउटला नळाची पाईपलाईन मिळणेबाबत, व त्याअनुषंगाने एक मदरबोर्ड निवडणेबाबत.
संदर्भ : दुष्काळाचं दुसरं वर्ष, चौथ्या दिवशी येणारा टँकर, आणि औताडेंच्या सूनबाई.

उपरोक्त विषयास अनुसरून नमूद करतो की, सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाजवळ दोन वस्तू आपोआप साठतात : टाचण्या आणि किस्से. टाचण्या निवृत्तीच्या दिवशी जमा करून घेतात. किस्से कोणी मागत नाही, म्हणून ते आपल्याबरोबर घरी येतात.

आम्ही तिघं एकाच कार्यालयातून निवृत्त झालो. मी वरिष्ठ लिपिक, पाठक आवक-जावक बघायचे आणि गंगापूरकडचे औताडे भांडारपाल. शहर वाढत वाढत पडेगावापर्यंत आलं तेव्हा आम्ही शेजारी-शेजारी प्लॉट घेतले. मागोमाग रस्ता आला, दिवे आले. पाणी मात्र यायचं राहिलं. बोअर आटले आणि सगळी कॉलनी टँकरच्या वेळेवर जगू लागली.

नव्या पाईपलाईनच्या यादीत नाव जायचं, तर महिनाअखेरपर्यंत लेआउटचा नकाशा द्यायचा होता. तोही जमिनीच्या चढ-उतारासकट, कॉम्प्युटरवर काढलेला. औताडेंची सून वैशाली सिव्हिलची डिप्लोमाधारक. घरी बसून बिल्डरांचे नकाशे काढायची. पण तिचा कॉम्प्युटर असा, की नकाशा उघडायला लावावा, टँकरपाशी नंबर लावून चार ड्रम भरावेत, परत यावं, तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचं.

शेवटी तिच्या नवऱ्यानं पुण्याहून नवा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड पाठवलं. फोनवर आम्हाला म्हणाला, "मदरबोर्ड तिथंच घ्या. फक्त हे दोन्ही त्याच्यावर बसायला पाहिजेत."

यातलं पहिलं वाक्य आम्ही लिहून घेतलं.

*

पार्सल आलं त्या दिवशी पाठकांनी घरून वही आणली आणि प्रोसेसरला आवक क्रमांक एक दिला. ग्राफिक्स कार्डाला दोन. औताडेंनी दोन्ही खोक्यांच्या कोपऱ्यात हिरव्या शाईनं 'तपासून घेतले' असं लिहून सही ठोकली. हिरवी शाई अधिकाऱ्यांची. नोकरीभर ती वापरता आली नाही, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी पहिली खरेदी हिरव्या पेनाची केली होती. दुधाच्या पिशवीवर सही उमटत नाही, याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

वैशालीनं खोकं उघडून दाखवलं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, असं आम्हाला सांगितलेलं. आत बिस्किटाएवढी चौकोनी चकती.

"एवढंच डोकं?" औताडे म्हणाले. "मंग व्हय, आपल्या मोठ्या साहेबाचं बी याच मापाचं होतं."

*

आता मदरबोर्ड. हे डोकं, ते कार्ड, सगळं ज्या पाटीवर बसतं ती पाटी. वैशाली म्हणाली, मी येते दुकानात. आम्ही तिला नकाशाकडे लक्ष द्यायला सांगितलं. खरेदी हा आमचा विषय होता.

पद्धतीप्रमाणे तीन दुकानांतून तीन कोटेशन घेतली. तौलनिक तक्ता मी स्वतः आखला. रकाने असे : दर, वॉरंटी, खोक्याची स्थिती, शेरा. गुलमंडीजवळच्या रफीकभाईंचा बोर्ड सर्वांत स्वस्त निघाला. त्यांनी विचारलं होतं, "साहब, प्रोसेसर साथ लाए क्या?" पाठक म्हणाले, "प्रोसेसर रेकॉर्डला आहे." रफीकभाईंनी कागदावर दर लिहून दिला.

एक बाब मात्र तपासणीत आली होती. प्रोसेसरच्या खोक्यावर ११५१ लिहिलेलं, बोर्डाच्या खोक्यावर ११५०. पाठकांनी खुलासा केला की तो पिनांचा आकडा असावा. मी टिपणी लिहिली : 'फरक केवळ एका पिनेचा असून तो नगण्य आहे. न्यूनतम दराचा बोर्ड मंजूर करण्यास हरकत नसावी.'

हरकत कोणी घेतली नाही. आम्ही तिघांनी सह्या केल्या. औताडेंनी बोर्डाच्या खोक्यावर हिरव्या शाईनं वेगळी केली.

*

घरी चकती बोर्डावर ठेवली, तर ती बसेना. एका अंगाला डुलायची. औताडेंनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. भांडारात न बसणारी कपाटं त्यांनी आयुष्यभर खांद्यानं बसवलेली.

वैशालीनं त्यांचा अंगठा वरच्यावर धरला. "मामंजी, हात काढा. खालच्या पिना केसासारख्या आहेत. एक वाकली की बोर्ड बी गेला अन् महिनाअखेर बी गेली."

मग तिनं माझी टिपणी वाचली. दोनदा वाचली. कागद घडी करून डुलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. टेबल स्थिर झालं. माझ्या तीस वर्षांच्या लेखनाचा झालेला हा पहिला प्रत्यक्ष उपयोग.

*

दुसऱ्या दिवशी ती आम्हाला घेऊन दुकानात गेली. प्रोसेसर, कार्ड, रिकामी कॅबिनेट, सगळं रिक्षात. रफीकभाई खूश झाले.

"हौ, ऐसा आना होता है," ते आम्हाला म्हणाले. "शेरवानी सिलाने कू दूल्हा लाते साहब, दूल्हे का आवक नंबर नहीं लाते."

बोर्ड त्यांनी खोक्यासकट परत घेतला आणि दुसरा दिला. वैशालीनं सॉकेट बघितलं, कार्डाची खाच बघितली, रॅमचा प्रकार विचारला. पाच मिनिटांत काम झालं. तौलनिक तक्ता कोणीच मागितला नाही. मी दोन प्रती नेल्या होत्या.

कार्ड तेवढं कॅबिनेटपेक्षा दोन बोटं लांब निघालं. नवी कॅबिनेट घ्यावी, असं माझं मत पडलं. औताडे म्हणाले, "नाय, कार्ड लई महाग. कपाट कापू." घरी येऊन त्यांनी लोखंड कापायच्या करवतीनं आतली न लागणारी पट्टी कापली. कार्ड आत गेलं. कापलेली पट्टी त्यांनी भंगार म्हणून वहीत नोंदवून ठेवली आहे.

*

सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच.

महिनाअखेरीला पाच दिवस होते. त्यात एक दिवस टँकरचा, म्हणजे अर्धा गेलाच. वैशाली घामाघूम होऊन रॅम काढून पुन्हा बसवत होती. तेवढ्यात तिनं मागं वाकून बघितलं आणि विचारलं, पडद्याची वायर कोणी लावली?

पाठकांनी लावली होती. सरळ मदरबोर्डात. मुख्य कार्यालय तेच, मग मध्ये कार्डाकडे कशाला जायचं, असा त्यांचा विचार.

पडद्यावरचं चित्र कार्डातून यायचं. वैशालीनं वायर काढून कार्डात खोचली. पडदा उजळला.

"काका," ती म्हणाली, "तुम्हीच शिकवता ना? योग्य मार्गानं पाठवावं."

पाठक त्या दिवशी चहा न घेता घरी गेले.

*

तिनं चार दिवसांत नकाशा काढला. प्रत्येक प्लॉट, प्रत्येक चढ, पाणी कुठून कसं उतरेल ते सगळं. मी अर्ज लिहिला. शेवटच्या दिवशी आम्ही तिघं तो घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. टेबलावर तुपे. हा एके काळी माझ्याच हाताखाली टिपणी लिहायला शिकला. उठून उभा राहिला, खुर्च्या मागवल्या, अर्ज घेतला, नकाशाची सीडीही घेतली.

पंधरा दिवसांनी चौकशीला गेलो. तुपे म्हणाला, नकाशा उत्तम असणार, पण आमच्या कॉम्प्युटरवर तो उघडत नाही. मशीन जुनं. नवा प्रोसेसर वरून मंजूर होऊन आलाय. मदरबोर्ड इथंच घ्यायचा होता, तोही कालच घेतला.

"तीन कोटेशन घेतली, सर," तो अभिमानानं म्हणाला. "तक्ता तुमच्यासारखाच केला. तेच रकाने."

कपाटातून त्यानं खोकं काढून टेबलावर ठेवलं. आम्ही तिघं वाकलो. खोक्याच्या कोपऱ्यात हिरव्या शाईनं लिहिलं होतं : 'तपासून घेतले.' खाली सही.

औताडेंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "सही बराबर हाय."

मधल्या काळात शहराचं नाव बदललं. तुपेची बदली झाली. टँकर चौथ्या दिवशी येतो.

सदर अर्ज प्रलंबित आहे.