तड्यावरची काच

गृहनिर्माण मंडळाच्या इंजिनिअरबाई पहिल्यांदा जिना चढून आल्या, तेव्हा फ्रेमवाल्याला वाटलं, रणगाडाच वर येतोय. पायऱ्या करकरल्या, कठडा थरथरला, समोरच्या शेजाऱ्याने घाबरून दाराला कडी घातली. दारात उभी राहिली ती मात्र जेमतेम त्याच्या खांद्याला लागेल एवढी बाई. "पलंग सरकवा!" ती कडाडली. पलंगावर सासूबाई होत्या. फ्रेमवाल्याने सासूबाईंसकट पलंग सरकवला. इतक्या झटपट त्याने आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं.

पलंगामागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. बाईंनी तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी धरली, दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवली आणि काचेवर सही ठोकली.

"भिंत हलली तर काच तुटेल. काच तुटली की इमारत धोकादायक, त्याच दिवशी सगळे बाहेर. दर सोमवारी बघायला येईन."

इमारत पाडून नवी बांधायची, हे मंडळाने ठरवलंच होतं. तोवर बाहेर पडायचं म्हणजे गावाबाहेरच्या तात्पुरत्या खोल्यांत जायचं. फ्रेमवाल्याचं दुकान तळमजल्यावर. त्या ओसाड माळावर फोटोला फ्रेम कोण करून घेणार? कावळे?

पहिली पट्टी आठवडाही टिकली नाही. इमारतीत एवढी बिऱ्हाडं, पण मंडळाने काच लावली ती नेमकी काचेचा धंदा करणाऱ्याच्या घरात. त्याने दुकानात जाऊन तशीच पट्टी कापली, जुनी खरवडून नवी बसवली आणि बाईंची सुटलेल्या स्प्रिंगसारखी सही हुबेहूब काढली.

सोमवारी बाई खूश. "छान! भिंत शांत आहे."

भिंत शांत होती, फ्रेमवाला नव्हता. पट्ट्या तुटत राहिल्या, तो बदलत राहिला. घास हातात आणि कान भिंतीकडे. बायकोने कपबशी जरा जोरात ठेवली तरी तो ताडकन उठायचा. पलंग हलवावा तर उरलेल्या भिंतींना दार, ओटा आणि कपाट.

"जावईबापू, पुन्हा टच्‌ झालं हो," सासूबाई म्हणायच्या. "माझ्या डोक्यापाशी."

"भास होतात तुम्हाला."

"डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत. भिंत पडली की मलाच फ्रेममध्ये घालाल. निदान चांगली लाकडी करा."

बायको हसली नाही. "अहो, आई तिथे झोपते," एवढंच म्हणाली.

मग एका सोमवारी बाईंनी काचेवरून बोट फिरवलं. "इतके दिवस टिकली म्हणजे घाई नाही. वर्षभर राहा खुशाल. वरच्या मजल्यावरची शिकवणी मी बंद केली होती ना, उद्यापासून पोरं येऊ देत."

फ्रेमवाल्याला हवं तेच झालं होतं. बाई जिना उतरू लागल्या आणि काच तुटली.

"झालं," सासूबाई म्हणाल्या.

कापून ठेवलेली पट्टी त्याच्या खिशातच होती. हात तिकडे गेलासुद्धा. तेवढ्यात सासूबाईंच्या पांढऱ्या केसांवर चुना भुरभुरला. त्या तो आंधळेपणाने झटकू लागल्या. फ्रेमवाला जिन्याकडे धावला.

"बाई, थांबा! काच तुटली!"

"आत्ता तर बघितली."

"आत्ता तुटली. आधीही तुटायची. मीच बदलत होतो."

"आणि सही?"

"ती... माझी."

"माझी सही तुम्ही करता?"

"तुमच्यापेक्षा बरी करतात," वरून बायको ओरडली. "आता आईला उचलायला या!"

बाई दारं बडवत वर सुटल्या. फ्रेमवाल्याने सासूबाईंना पाठुंगळी घेतलं. "हळू हो," त्या कानात कुरकुरल्या, "पोतं नव्हे मी." प्रत्येक पायरीला त्याला वाटत होतं, हीच शेवटची.

संध्याकाळपर्यंत इमारत रिकामी झाली. दुकान बंद पडलं. फ्रेमवाला आता एका कारखान्यात खिडक्यांना काचा बसवतो. नव्या इमारतीचं काम सुरू झालेलं नाही. जुनी अजून उभी आहे.