चाल आणायला कल्याणला

पहाटेच्या भरतीला ठाण्याच्या बंदरातून मचवा सुटला. आगगाडी असताना हा म्हातारा पाण्यातून कशाला चालला, असं काठावर दोघातिघांनी विचारलं. गाडी मला विचारून थांबत नाही, असं मी सांगितलं. कशासाठी चाललो ते मात्र कोणाला बोललो नाही. आता आपल्या मंडळीसाठी लिहून ठेवतो.

माझी बायको लेआ पावसाळ्याआधी प्रभूकडे गेली. लग्नापासून आमच्या घरी रोज उजाडताना स्तुतीचं एकच गीत व्हायचं. पहिली ओळ ती उचलायची, मी मागून धरायचो. ती गेल्यावर एकटा बसलो, तर आज एक चाल तोंडात येई, उद्या दुसरीच. चाल विसरलो याची लाज वाटली आणि गाणंच थांबलं. नुसते शब्द पुटपुटून उठायचं म्हणजे पानावरून उपाशी उठणं. पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) विचारणार कसं? माझ्या घरची उपासना मला शिकवू नका, असं मीच त्यांना सुनावलं होतं. म्हणून लेआच्या धाकट्या बहिणीकडं, रिबकाकडं, निघालो. ती कल्याणला असते. तिला चाल येत असणार.

मुंब्र्याचा डोंगर उजव्या हाताला मागे पडला. दोन्ही काठांना खाजण (खाडीची खारी, दलदलीची जमीन) आणि त्यात पांढरे बगळे. कोपरीच्या मिठागरात माझा जन्म गेला, म्हणून पाणी कुठं खोल ते मी नाखव्याला (मचव्याच्या धन्याला) दाखवलं. डोंबिवलीसमोर मचवा चिखलात रुतला.

"बाबा, तुमी मीठ पिकवा," नाखवा म्हणाला. "पानी माझ्यावर सोरा."

सगळ्यांनी उतरून ‘हैसा, हैसा’ करत रेटलं, मीही रेटलं. पण ओहोटी लागली होती. पुढच्या भरतीपर्यंत तिथंच बसलो. डोंबिवली म्हणजे भातशेतीतली चार घरं. तिथल्या एका बाईनं तांदळाची भाकर आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) आणून दिली. मी डोळे मिटून देवाचे आभार मानले. ती थांबून बघत होती. न चाखताच आभार, भाकर करपली असली तर, असं तिनं विचारलं. करपली तरी मिळाली ना, असं मी म्हणालो. भाकर चांगली होती.

कल्याणला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. रिबका विधवा आहे, बंदराजवळ पोहे कांडून विकते. दारातच म्हणाली, "भाओजी, दाढी वाढली आणि पोट गेलं. आठवण कोणाची झाली, माझी का पोह्यांची?"

पोह्यांची, असं मी सांगितलं. चालीचं रात्रभर काढलंच नाही.

सकाळी तिनं चटई टाकली आणि मला म्हणाली, तुम्ही उचला, मी धरते. मी खोकलो. पाणी मागितलं. शेवटी सांगावंच लागलं.

जी येईल ती चाल म्हणा, असं तिनं सांगितलं. मी एक म्हटली. ही कांडपाची, ती म्हणाली. दुसरी म्हटली. ही पाळण्याची, तुमच्या थोरल्याला ताप आला होता तेव्हाची. तिसरी म्हटली, तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत, मला कळलं नाही.

"अहो, ताईची एक चाल कधी नव्हतीच," ती म्हणाली. "काल ज्यातून देवानं पार नेलं, त्याची चाल ती सकाळी धरायची. इतकी वर्षं मागून गायलात आणि कळलं नाही?"

मला राग आला. मग तितकाच आनंद झाला. काहीच विसरलो नव्हतो. त्या सगळ्या चाली तिच्याच होत्या.

"मग काल तुम्ही कशातून आलात?" रिबकानं विचारलं.

चिखलातून, मी म्हटलं. त्या दिवशीचं गीत आम्ही ‘हैसा’च्या ठेक्यावर गायलो.

परत आल्यावर, दुसऱ्या दिवशी उजाडताना, घरी पहिली ओळ मी उचलली. कोणी साथ देईल म्हणून थांबलो. मागून कोणी धरलं नाही, तेव्हा दुसरीही मीच म्हटली, आणि तेव्हापासून रोज म्हणतो. लेआनं रोज नव्या गोष्टीचे आभार मानले, मी न समजता तिच्यामागं तेच मानत आलो. देवानं ते आभार माझेही धरले असतील, अशी माझी समजूत आहे. पाळक काहीही म्हणोत. पुढचे आभार मी समजून मानतो.