नव्या गस्तनौकेवर न चढलेला माणूस

इंग्रजांच्या अमदानीत टोंग याउ-फात आणि मी हाँगकाँगच्या एका सरकारी गस्तनौकेवर इंजिनखोलीत होतो. फात चेऊंग चाऊ बेटावरचा, कोळ्याचा पोर. नौका जुनाट, खोकत चालणारी.

त्या सप्टेंबरात बंदरावर तुफानाचा आठ नंबरचा बावटा चढला. फातचा थोरला भाऊ शिंग अजून समुद्रातच होता. रेडिओवर त्याचीच हाक आली, होडीत पाणी भरतंय म्हणून. आम्ही निघालो. बंदराबाहेर पडतोय तोच एक इंजिन बंद पडलं, दुसरं तापून धूर ओकायला लागलं. कप्तानाने नौका माघारी वळवली. फात त्या इंजिनावर ओली पोती टाकत राहिला, हात भाजले तरी थांबेना. शिंगची होडी नंतर उलटी सापडली. शिंग सापडलाच नाही.

नव्या नौका हव्यात, हे वरपासून खालपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. लंडनने किती द्यायचे आणि वसाहतीने किती, यावर घोडं अडलं होतं. ती घासाघीस शिंगच्या आधीपासून चालली होती आणि तो गेल्यावरही थांबली नाही.

मग एकदाचा एक गोरा अधिकारी नव्या नौकेचा आराखडा घेऊन आमच्या जेवणखोलीत आला. म्हणाला, "हे तुमचं स्वयंपाकघर. काही सुचवायचं असेल तर मोकळेपणाने बोला."

फात उठला. "साहेब, पैसे कोण देणार?"

"मोठा वाटा तुमचं सरकार."

"आमचं? आम्ही कधी नेमलं हो ते?"

मी त्याची बाही ओढली. "फात, बस खाली. नोकरी जाईल."

"जाऊ दे! पैसा आमच्या घामाचा, हुकूम ह्यांचा, आणि आम्हाला विचारतात भाताचं पातेलं कुठे ठेवू! तुम्ही वाटे घालत बसला होतात ना साहेब, तेव्हा माझा भाऊ रेडिओवर ओरडत होता."

साहेबाने कागद गुंडाळला. थोड्याच दिवसांत फातला किनाऱ्यावर रंगाच्या कोठारात टाकलं.

नौका आल्या. मुहूर्ताला सिंहाचे मुखवटे घालून नाच झाला, नैवेद्याला भाजलेलं डुक्कर आलं. नौकेच्या नाळेपाशी, पुढच्या टोकाला, उदबत्ती लावायला शिंगच्या बायकोला, युक-लानला बोलावलं. फात भडकला.

"वहिनी, तू जायचं नाहीस! शोभेची बाहुली करतायत तुझी."

"जाणार. तुमचा राग तुमच्यापाशी ठेवा, भाऊजी. माझी दोन पोरं समुद्रावर जातात."

ती गेली. उदबत्ती लावली आणि समोरच्या बड्या साहेबाला विचारलं, "मधेच बंद तर पडणार नाही ना?"

दुभाष्याने सांगताच सगळे हसले.

"हसताय काय? उत्तर द्या," ती म्हणाली. बडा साहेब सुरी घेऊन डुक्कर कापायला वळला.

फातने त्याच दिवशी नोकरी सोडली आणि पुतण्यांबरोबर मासेमारीला लागला.

पुढच्या तुफानात त्यांच्या होडीचं सुकाणू तुटलं. नव्या नौकेवर मीच होतो. आम्ही वेळेत पोचलो, दोर फेकला. पुतणे वर आले.

"चढ ना, फात!" मी ओरडलो.

"तू दोर बघ!" तो खालून खेकसला. आम्ही होडी ओढत आणली, तो होडीतच उभा राहिला.

धक्क्यावर मी त्याला आल्याचा गरम चहा दिला. "बघ, नौका चांगली आहे की नाही?"

"चांगलीच आहे," तो दात आवळून म्हणाला. "म्हणून तर टाळकं फिरतं. वाईट असती, तर ही तेव्हा असती तरी शिंग गेलाच असता, असं म्हणून गप्प बसलो असतो."

चहा तसाच ठेवून तो होडीतलं पाणी उपसायला गेला.