शिवण्यापुरती वाचलेली गोष्ट

"गोष्ट संपू द्या, मग बोला." हे म्हणताना बाई मासिक मिटायच्या, पण वाचत होत्या त्या पानात बोट तसेच ठेवायच्या. समोरचा कितीही बोलला तरी ते बोट निघायचे नाही. बोलणारा थकला की पुन्हा त्याच ओळीपासून सुरुवात.

बाई महाडला मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. लहानपणीच वैधव्य आलेले, पुढे पुण्याला ट्रेनिंग घेतलेले. पांढरे लुगडे, पायांत पुरुषी वहाणा. तुमच्याही गावात त्या काळी अशी एखादी बाई असेल, आणि लोक तिला नमस्कार करून मागे वळून बघत असतील.

मी मामलेदार कचेरीत कारकून आणि गावच्या लहानशा वाचनालयाचा चिटणीस. मासिके चार यायची. पुढच्या खोलीत पुरुष वाचत. बायकांनी तिथे बसायची रीत नव्हती, म्हणून शनिवारी दुपारी बाई मागच्या पडवीत त्यांना गोष्टी वाचून दाखवत. माझे कुटुंब जाई, चौदा वर्षांची मुलगीही जाई. घरी आल्यावर दोघी बराच वेळ काही बोलत नसत. आमच्या घरात हे नवीन होते.

वाचनालयाचे अध्यक्ष एक वयस्कर वकील होते. माणूस सरळ, पण तरुण पिढीची त्यांना फार काळजी. नवे मासिक आले की आधी त्यांच्याकडे जायचे. प्रेमाची गोष्ट असली की ते दाभण घेऊन तिची पाने कडेने शिवून टाकत. फाडणे त्यांना पटत नसे, कारण मासिक वर्गणीतून आलेले. मी हिशेबी माणूस. वर्षअखेरीस मासिके तपासली, तेव्हा शिवलेल्या पानांवर बोटांचे डाग इतर पानांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. कोणती गोष्ट वाचायची हे शोधायचे कष्ट वकीलसाहेबांनी सगळ्यांचेच वाचवले होते.

बायकांना तर टाके उसवणे आणि पुन्हा घालणे म्हणजे हातचा मळ. पडवीतून परत आलेले मासिक पाहून वकीलसाहेबांना संशय आला, कारण नवे टाके त्यांच्यापेक्षा बारीक आणि सरळ होते.

सभा बोलावली. आम्ही सहा जण सतरंजीवर, बाई दाराशी उभ्या. बायकांपुढचे वाचन चालू ठेवायचे की कायमचे बंद करायचे, एवढाच प्रश्न होता.

"बाई, लग्नाच्या मुलींच्या कानांवर तुम्ही हे घालता?" वकीलसाहेबांनी मासिक पुढे सरकवले.

"तुम्ही वाचलीत ही गोष्ट?"

"वाचली तर."

"शेवटपर्यंत?"

वकीलसाहेब खोटे बोलणारे नव्हते. म्हणाले, "शिवण्यापुरती वाचली."

कोणीतरी खोकला आल्यासारखे केले. बाईंनी खाली बसून टाके उसवले. "लांब टाके घालता हो, साहेब. आमच्या चौथीतल्या मुली बरे घालतात," असे म्हणून त्या वाचू लागल्या.

गोष्ट साधी होती. एका मुलीला शेजारचा पेटी वाजवणारा तरुण आवडतो. संध्याकाळी जिन्यात ती त्याचा हात धरते. वकीलसाहेबांचा पहिला टाका इथेच होता. पुढे तो तरुण घाबरतो, मामाकडे निघून जातो. मुलगी चार दिवस जेवत नाही, पाचव्या दिवशी जेवते. आणि वडील स्थळ घेऊन येतात तेव्हा पहिल्यांदाच म्हणते, "आधी मला विचारा."

"म्हणजे उद्धटपणा," एक सभासद म्हणाले.

"मला कोणी विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "अकराव्या वर्षी लग्न झालं, पंधराव्या वर्षी सगळं संपलं. प्रेम म्हणजे काय, ते मला तिसाव्या वर्षी मासिकात कळलं. या मुलींना ते कळणारच आहे, साहेब. गोष्टीत कळलं तर दहाजणी मिळून बोलतील. नाहीतर एकटीला कळेल, आणि ती कोणाला सांगणार नाही."

मते घेतली. माझे आणि सभासदांपैकी गावच्या डॉक्टरांचे बाईंच्या बाजूने, चार विरुद्ध. वाचन बंद.

"ठीक आहे," बाई वहाणा घालत म्हणाल्या. "तुमची पडवी तुम्हाला. वाचन बंद होणार नाही."

पुढच्या शनिवारी त्या नदीकाठच्या देवळामागे वाचत होत्या. बायका पडवीत यायच्या त्याहून जास्त. मासिक त्यांनी स्वतः वर्गणी भरून मागवले होते.

वर्षभरात त्यांची पोलादपूरला बदली झाली. ती कशी झाली मला माहीत नाही, आणि माहीत नाही ते मी लिहीत नाही.

पुढे एकदा कचेरीच्या कामाने पोलादपूरला गेलो. बाजाराचा दिवस होता. शाळेच्या ओसरीवर बाई वाचत होत्या आणि भोवती कुडपणकडच्या, डोंगरातल्या बायका भाजीच्या पाट्या बाजूला ठेवून बसल्या होत्या. बहुतेकींचे नवरे मुंबईला गिरणीत. मला पाहून बाईंनी मानेनेच बसा म्हटले. मी कोपऱ्यात टेकलो.

गोष्टीतला नवरा तीन वर्षांनी शहरातून परततो, बायको धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडते.

"ह्ये खोटं हाय, मास्तरीणबाय," एक काळीसावळी बाई म्हणाली.

"का गो?"

"इतक्या दिसांनी धनी आला की गल्यात कोन पडतंय? आदी लाज वाटते. मानूस वलकीचा वाटत नाय."

"हिला वलकायला आठ दिस लागतात!" दुसरी म्हणाली.

"आनि वलक झाली की तो चालला म्हमईला!" तिसरी. सगळ्या हसल्या. पहिली मात्र हसली नाही.

बाईंनी मासिक बाजूला ठेवले. "मग खरं काय होतं, ते तू सांग."

"मी काय सांगू? मना वाचता येत नाय."

"सांगायला वाचता कशाला यायला हवं?"

ती थोडा वेळ पाटीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझा धनी शिमग्याला आला, तवा मी चुलीपाशी व्हते. त्यो मागं येऊन हुबा रायला..." आणि तिची नजर माझ्यावर गेली. तिने पदर पुढे ओढला.

बाई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमची मोटार सुटेल."

मोटारीला अजून तासभर होता. मी उठलो, टोपी घातली आणि निघालो.

त्यानंतर माझी आणि बाईंची भेट झाली नाही. दोन वर्षांनी पोलादपुरातच, तापाने त्या गेल्या. पण रस्त्यावर पोचल्यावर मी एकदा मागे वळून पाहिले होते. बायका जवळ सरकून बसल्या होत्या. ती काळीसावळी बाई हातवारे करून बोलत होती, आणि आमच्या बाई शाळेतल्या मुलीसारख्या गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होत्या.