गॉगलवाले काका

माझ्या नांदेडच्या घरी आंघोळीच्या खोलीत एक फळी खास माझी आहे. तिच्यावर दाढीचं तेल, केसांचं मेण, तोंड धुवायचा कोळशाचा फेस, आणि एका बाटलीत काय आहे ते मलाच नीट ठाऊक नाही. रील बघता बघता एखादा पिळदार गडी दाढीवरून हात फिरवताना दिसतो आणि तिसऱ्या दिवशी पार्सल दारात हजर. चाळिशीतल्या मास्तरानं असं करू नये, हे मला कळतं. बायको त्या फळीला 'पार्लर' म्हणते. पण हा नाद आजचा नाही. तो लागला लातूरला, कॉलेजात असताना, आणि त्यात आमचे दादा, म्हणजे माझे वडील, काही कारण नसताना ओढले गेले.

तिथल्या गंजगोलाईच्या बाजारात एका हातगाड्यावरून मी गॉगल घेतला होता. काळी काच, सोनेरी काड्या. हातगाडीवाल्यानं तो इंपोर्टेड असल्याची शपथ घेतली होती; आठ दिवसांत काड्यांचं सोनं माझ्या कानांना लागलं. तरी सुटीत घरी अर्धापूरला यायचो तेव्हा एसटीतून उतरायच्या आधी तो डोळ्यांवर चढलेला असायचा.

दादांना त्याचा भारी राग. ते केळीचे बागायतदार. त्यांची सगळी ऐट म्हणजे खोबरेल तेल, नीळ दिलेला पांढरा सदरा आणि खिशात छोटा कंगवा. गॉगल पहिल्यांदा बघितला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "केळीचे घड दिसतेत का रे ह्याच्यातून?" चारचौघांत मोठ्यानं हसणंसुद्धा त्यांना हलकं वाटायचं. नाचाची तर बातच सोडा.

मग चुलतभावाचं लग्न निघालं आणि नेमके दादांचे डोळे आले. लालभडक, चिकट, सारखं पाणी. पण नवरदेवाचा थोरला चुलता घरात बसून कसं चालेल? वरातीच्या वेळी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, तो तुझा चष्मा दे. गॉगल हा शब्द काही त्यांच्या तोंडातून निघाला नाही.

वरातीत बँडवाल्यांनी त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं गाणं धरलं. दादांच्या सोबत्यांनी त्यांना हाताला धरून मधे ओढलं. आता सगळ्यांवर ओरडणार म्हणून मी लांब सरकलो. दादांनी बाह्या सारख्या केल्या. खिशातला कंगवा काढून केसांवरून फिरवला, मग तो तसाच हवेत धरला आणि नाचायला लागले. एक पाय पुढे, एक गिरकी, परत कंगवा केसांवरून. पुन्हा तेच. सगळं वऱ्हाड खुळं झालं. मी मोबाईलवर चाळीस सेकंद टिपले; हसून हात हलत होता म्हणून दादाही हलत होते. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत तो गॉगल परत घेऊन घातला आणि तिसऱ्या दिवशी माझे डोळे आले.

तेव्हा मोबाईलमध्ये गाणी भरून घ्यायची पद्धत होती. नांदेडला बसस्टँडजवळच्या दुकानात मेमरी कार्ड द्यायचं आणि चहा पिऊन यायचं. तोवर दुकानदार आपल्या कॉम्प्युटरमधून नवी गाणी, कॉमेडीचे तुकडे, नाचाचे व्हिडिओ त्यात ठासून द्यायचा. जागा व्हावी म्हणून आधी कार्ड साफ करायचा. हे सगळ्यांना ठाऊक असायचं, मलाही होतं. लग्नानंतर मीही कार्ड दिलं, तेव्हा दादा त्याच कार्डावर आहेत, एवढंच माझ्या डोक्यात आलं नाही. घरी आल्यावर कळलं तेव्हा वाईट वाटलं, पण फार नाही. माणूस तर घरीच होता. नाचतील की पुन्हा.

ते पुन्हा नाचले नाहीत. चार वर्षांनी गेले. फोटो आहेत त्यांचे, सगळे ताठ, मान आखडलेले. हलणारे दादा कुठंच नाहीत. तेराव्यानंतर माय म्हणाली, ते नाचलेले दाखव की रे जरा. मी खरं ते सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि उठून गेली. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पुढं कितीतरी वर्षं घरात कुणाचा नवा मोबाईल आला की ती विचारायची, ह्याच्यात जुनं काही सापडतं का.

गेल्या हिवाळ्यात शाळेतले आम्ही काही शिक्षक सहस्रकुंडचा धबधबा बघायला गेलो. रेल्वेनं जाऊन पुढं जीप केली. जीपवाला इस्लापूरचा, तिशीतला, दाढी झकास कोरलेली. त्यानं मला दाढीच्या तेलाचं नाव विचारलं आणि आमचं जमलं. जेवणं झाल्यावर मी त्याला माझ्या आवडीच्या रील दाखवल्या. त्या बघून त्यानं तोंड वाकडं केलं आणि आपला फोन काढला. जुना माल बघा म्हणाला, जपून ठेवलाय. पहिले दोन व्हिडिओ हसायचे होते. तिसऱ्यात बँड होता, धूळ होती, आणि कंगवा हवेत धरून दादा.

मी तिथंच दगडावर बसलो. जीपवाल्याला काय कल्पना! तो रंगात येऊन सांगत होता. किनवटला आश्रमशाळेच्या वसतिगृहात असताना त्यानं नांदेडच्या त्याच दुकानातून कार्ड भरून आणलं होतं. साफ करायच्या आधी दुकानदार लोकांच्या कार्डातलं चांगलंचुंगलं स्वतःकडं उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्यांना भरून द्यायचा, हे मला तेव्हा कळलं.

"गॉगलवाले काका म्हनायचो आमी," तो म्हणाला. "गॅदरिंगला समद्या पोरांनी कंगवे घेऊन ह्योच डान्स केला, सर. लई शिट्ट्या पडल्या."

ते माझे वडील आहेत, असं मी सांगितलं. त्यानं एकदा फोनकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग तुमच्याकडं असंलच की हे, म्हणाला. मी नाही म्हणालो. त्यानं पुढं काही न विचारता तो मला पाठवून दिला.

नांदेडला न थांबता मी अर्धापूरला गेलो. मायनं फोन दोन्ही हातांत धरून पूर्ण बघितला. पुन्हा बघितला. तिसऱ्या वेळी ती दादांच्या तोंडावर बोट घासायला लागली, तेव्हा मी थांबवून चेहरा मोठा करून दिला.

"डोळे न्हाई दिसत रे त्यांचे," ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी तिला नवरा सापडला आणि नेमका माझा हातगाड्यावरचा गॉगल आडवा आला. माझंच चुकलं, म्हणालो, तो त्यांना द्यायलाच नको होता.

मायनं फोनवरची नजर काढली नाही. "येडा हायेस तू. डोळे झाकले नसते, तर नाचले असते व्हय ते?"

मग म्हणाली, लाव परत.