माझ्याकडे आलेले सोमवार

आमच्या घरात उपवासाला कुणी नाही म्हणत नाही. जेवायचं नाही म्हटलं तर चार जण कारण विचारतील, पण उपवास आहे म्हटलं की विषय संपतो. थोरल्या लेकीने दहावीत असताना सोळा सोमवार धरले, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद सासूबाईंना झाला.

"लोखंड उचलती म्हणून नावं ठेवीत होते लोक," त्या शेजारणीला सांगत होत्या. "देवाधर्माची हाय माझी नात. बघा, नवरा कसा मिळतोय."

लेक शाळेत वजन उचलायची. परभणीत तेव्हा मुलींसाठी हे नवीनच होतं. खेळाच्या नव्या बाईंनी शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत लोखंडी दांडा आणि चकत्या आणून ठेवल्या होत्या. माझ्या नवऱ्याला ते फार पटलं होतं असं नाही, पण त्याने अडवलं नाही. सासूबाईंनी मात्र बजावून ठेवलं होतं की लोकांना बोट दाखवायला जागा झाली, तर शाळा बंद आणि येत्या लगनसराईत पोरगी उजवायची. पालमचं एक स्थळ त्यांनी हेरूनही ठेवलं होतं.

सोमवारामागून गुरुवार आला. मग चतुर्थी, एकादशी, शनिवार. मी साबुदाणा भिजवला की ती म्हणायची, "आई, मी निरंकार धरलाय." म्हणजे पाणीसुद्धा नाही. तिच्या गालाची हाडं दिसायला लागली. विंचरताना फणीत केसांचा गुंता यायचा. ऐन उन्हात ती स्वेटर घालून गच्चीवर पळायची. विचारलं तर म्हणायची, "सराव हाय." मला भीती वाटायची, पण देवाच्या कामात आडवं कसं यायचं? आणि मी तशीही कुणाच्या आडवं येणारी नव्हे. माहेरी चौथीपर्यंत शिकले आणि सासरी बोलायचं विसरले.

एकदा ज्वारी दळायला गिरणीत गेले. गिरणीवाला हसून म्हणाला, "वैनी, तुमच्या ज्वारीपरीस तुमची पोरगीच जास्त येळा चढती माझ्या काट्यावर."

"कशाला?"

"वजन बघायला. काल पाव किलो जास्त भरलं तर डोळ्यात पाणी आणलं तिनं. म्हणलं, माय, काटा खराब असंल. तर म्हणती, न्हाई काका, मी पाणी पिऊन आले."

पिठाचा डबा डोक्यावर घेऊन घरी आले. उपवास महादेवासाठी नव्हते, हे कळलं. कशासाठी होते, ते अजून कळलं नव्हतं.

त्याच दुपारी सासूबाईंनी मला हाक मारली.

"पोरगी बाजूला कधी बसली होती, सूनबाई?"

आमच्याकडे तेव्हा पाळी आली की चार दिवस ओसरीच्या कोपऱ्यात वेगळं बसावं लागे. वेगळं घोंगडं, वेगळं ताट. त्यामुळे कुणाचं काय चाललंय हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायचं. मला तो कोपरा लग्न झाल्यापासून आवडला नाही. आता आठवून बघितलं, तर माझ्याशिवाय तिथं बऱ्याच दिवसांत कुणी बसलंच नव्हतं.

"आठवत न्हाई, आत्या."

"मला आठवतंय. दोन म्हैने झाले. त्या पत्र्याच्या खोलीत कोण कोण असतंय, इचारलंस का कधी? तुझा नवरा उद्या बोरीहून आला की मी बोलणार हाय त्याच्यापशी."

पोरीला दिवस गेलेत असा शब्द घरात एकदा निघाला असता, तर खरं खोटं कुणी बघितलं नसतं. पालमच्या लोकांना सांगावा गेलाच असता.

सकाळी मी सासूबाईंना म्हटलं, पोरीला चक्कर येतेय, दाखवून आणते. रस्त्यात लेकीने विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, चल तू. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत घेतलं. मी बाहेर बाकावर बसून हिरव्या पडद्याकडे बघत होते. आत कोण काय बोलतंय ते ऐकू येत नव्हतं. एवढंच मनात होतं, की बाईंनी बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून मान हलवू नये.

त्यांनी मला आत बोलावलं. "घाबरू नका. तसलं काही नाही," त्या म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "सांग आईला."

लेक खाली बघून म्हणाली, "स्पर्धेत खालच्या वजनाच्या गटात पोरी कमी हायत. तिथं गेले तर नंबर येईल. खेळाच्या बाईंनी सांगितलं न्हाई, माझं मीच ठरवलं. नुसतं जेवत न्हाई म्हणलं असतं तर तुमी जेवू घातलं असतं. उपवासाला कुणी बोललं न्हाई."

"वजन उतरलं. पण दांडा वर जातो का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आधी जात होता तेवढाबी जात न्हाई."

"जाणार कसा? नुसती चरबी गेली नाही, मांसही झडलंय. शरीराला वाटतंय दुष्काळ पडला. मग ते पाळी थांबवतं." त्या मला म्हणाल्या, "हे वाढीचं वय आहे. जो गट येईल त्यात खेळू दे. चरबी कमी करायचीच असली तर तळलेलं, गोड, दिवसभरचा साखरेचा चहा कमी करायचा, तोही हळूहळू. भाकरी, वरण, मटकी, दही, शेंगदाणे, अंडं सोडायचं नाही. पाणी तर कधीच नाही. झोप पुरी होऊ द्या. पाळी यायला थोडा वेळ लागेल."

संध्याकाळी नवरा बोरीहून आला. हातपाय धुऊन ताटावर बसला. सासूबाई समोर बसल्या आणि म्हणाल्या, "जेवायच्या आधी माझं ऐक."

मी चुलीपाशी होते. लेक माझ्यामागे उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"आत्या, थांबा," मी म्हटलं. "मी सांगते."

नवऱ्यासमोर हा विषय मी कधी काढला नव्हता. मी भिंतीकडे बघून बोलले. गिरणीचा काटा सांगितला, पाळी सांगितली, डॉक्टरीणबाई सांगितल्या. मधे थांबले नाही. नवरा ताटाकडे बघत बसला होता.

"डॉक्टरणीचं काय जातंय सांगायला," सासूबाई म्हणाल्या. "आन् महादेवाचं व्रत अर्ध्यात टाकायचं? घराला सोसंल का ते?"

"टाकायचं न्हाई, आत्या. राहिलेले सोमवार मी धरते. तिला जेवू द्या. सोमवार सरेस्तोवर थांबा. तवर पाळी न्हाई आली तर पालमचं बोला."

मग नवरा म्हणाला, "वाढ तिला."

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. पोटभर खाल्लं की लेकीला रडू यायचं, गिरणीकडे जाते म्हणायची. मी अंगणातल्या चुलीवर अंडी उकडायचे, सासूबाई तोंड फिरवून बसायच्या. पण रोज सकाळी उठल्या की आधी ओसरीच्या कोपऱ्याकडे बघायच्या. मीही बघायचे. त्यांनी आणि मी एकाच जागेकडे रोज बघितलं, आणि एकमेकींशी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. स्पर्धा झाली. लेक वरच्या गटात खेळली, शेवटून दुसरी आली. कोपरा रिकामाच होता, आणि पालमचा माणूस एकदा येऊन चहा पिऊन गेला होता.

मग एका सकाळी मी पाणी तापवायला उठले, तर लेक ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडं अंथरून बसली होती. माझ्याकडे बघून ती हसली. सासूबाई बाहेर आल्या, बघितलं आणि आत गेल्या. जेवणाच्या वेळी त्यांनीच लांबून तिचं ताट सरकवलं.

"अजून एक भाकर घे," त्या म्हणाल्या. "हाडं दिसायलीत."

सोमवार होता. मला उपवास होता. ती जेवून होईपर्यंत मी दारातच उभी राहिले.